वकीलबाई आणि गाळा नंबर सातची फाइल

वकीलबाई येण्याआधी आमच्या पालिकेत जे वकील होते, त्यांची आठवण लोक अजून प्रेमाने काढतात. मीही काढते. माणूस दिलदार होता. सकाळी पालिकेच्या वतीने ते एखाद्या दुकानदाराला नोटीस लिहायचे आणि संध्याकाळी घरच्या ऑफिसात बसून त्याच दुकानदाराच्या वतीने तिला उत्तर लिहायचे. दोन्ही कागद फिरून माझ्याच टेबलावर यायचे. उत्तर नेहमी नोटिशीपेक्षा सरस असायचं, कारण सकाळी साहेबांची झोप पुरती उडालेली नसायची. कोणाची काही तक्रार नव्हती. भांडण दोघांचं असलं तरी चालायचं एकाच डोक्यात, त्यामुळे लवकर मिटायचं.

ते निवृत्त झाले आणि वकीलबाई आल्या. त्याला आता बावीस वर्षं झाली. मी विधी शाखेतली क्लार्क. शाखा म्हणजे दोन खोल्या, तीन लोखंडी कपाटं, वकीलबाई, मी, आणि एक शिपाई, जो निम्मा वेळ पाणीपुरवठ्याकडे असतो. बाई बुटक्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, चालणं भरभर. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं की तुमचे नातेवाईक गावात किती. मला वाटलं, बाई ओळख काढतायत. मी हौसेने माहेर-सासर सगळं सांगितलं, तर त्यांनी ते एका वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, यातल्या कोणाची फाइल आली तर तुम्ही हात लावायचा नाही. माझा तर पाराच चढला. आल्या आल्या चोर ठरवल्यासारखं वाटलं. पण त्यांनी वहीचं पान उलटून दाखवलं. आधीची चार पानं त्यांच्या स्वतःच्या नातेवाइकांनी भरली होती.

सभेत एखादा विषय निघाला आणि त्यात बाईंचं कोणी असलं, की बाई उभ्या राहून सांगायच्या, "या विषयात माझा संबंध आहे." मग इतिवृत्तात तशी नोंद करून घ्यायच्या आणि सभागृहाबाहेर पॅसेजमधल्या बाकावर जाऊन बसायच्या. विषय संपला की शिपाई बोलवायला यायचा. एवढ्याशा गावात संबंध कोणाशी नसतो? चुलत जावेच्या माहेरचं दुकान निघालं, बाई उठल्या. मुलीच्या दातांचा डॉक्टर निघाला, बाई उठल्या. एकदा शेजाऱ्याच्या कुत्र्याची तक्रार आली, तेव्हाही उठल्या. नगरसेवकांनी विचारलं, कुत्र्याशी काय संबंध? बाई म्हणाल्या, तो रोज सकाळी माझ्याकडे बिस्किट खायला येतो. सभागृह हसून हसून बेजार झालं, पण नोंद झाली. त्या बाकावर बाईंनी आजवर कितीतरी रहस्यकथा वाचून काढल्या आहेत. सभा लांबली तर खुनी सापडायचा, नाहीतर पुढच्या महिन्यापर्यंत मोकळा फिरायचा.

बाई उठल्या की त्या फाइलपुरता बाहेरचा वकील बोलवावा लागे. त्याला आम्ही पाहुणे वकील म्हणत असू, कारण ते यायचे, चहा घ्यायचे, मी दाखवलेल्या जागी सही करायचे आणि छत्री विसरून जायचे. नगरसेवकांना हा सगळा प्रकार म्हणजे नसती डोकेदुखी वाटायची. विरोधी पक्षनेते तर उघड म्हणायचे की हे नाकाने कांदे सोलणं आहे, एक दिवस बाईंच्या खऱ्या जवळच्या माणसाची फाइल येऊ दे, मग बघू. तो दिवस यायला एकवीस वर्षं लागली.

बाईंचे थोरले भाऊ बाइंडर. सगळं ऑफिस त्यांना दादा म्हणतं, कारण आमची प्रत्येक जाडजूड नोंदवही, प्रत्येक नियमपुस्तक त्यांच्याच हातचं. आई-वडील लवकर गेले तेव्हा दादा सोळा वर्षांचे आणि बाई सात. दादांनी शाळा सोडली आणि बाईंना सोडू दिली नाही. इस्पितळामागच्या ओळीत शेवटचा, सात नंबरचा पालिकेचा गाळा त्यांनी भाडेपट्ट्याने घेतला आणि तिथे खळ शिजवत, पुठ्ठे कापत बहिणीला वकील केलं. हे बाईंनी मला कधी सांगितलं नाही, दादांनीही नाही. वहिनींनी सांगितलं. वहिनी म्हणजे दादांच्या बायको. त्यांच्या पोटात काही राहत नाही, म्हणून मला त्या फार आवडतात.

झालं असं, की इस्पितळाचं मागचं फाटक अरुंद. आत जाणाऱ्या रस्त्याला सात नंबरच्या गाळ्यापाशी असं वळण, की रुग्णवाहिका उलटी घेतल्याशिवाय आत शिरेना. ड्रायव्हर खाली उतरून बघायचा, परत चढायचा, तोवर आतला माणूस विव्हळत पडलेला. शेवटी सभेने ठरवलं की सात नंबरचा गाळा पाडून वळण मोकळं करायचं. दादांचा दहा वर्षांचा पट्टा त्याच वर्षी संपत होता. पट्ट्यातली अट साधी होती: संपण्याच्या तारखेआधी पूर्ण नव्वद दिवस गाळा खाली करण्याची नोटीस दादांच्या हातात पडली पाहिजे. नाही पडली, तर पट्टा आपोआप पुढच्या दहा वर्षांसाठी चालू.

विषय पुकारला तेव्हा बाई उठल्या. एरवी त्या नुसतं संबंध आहे म्हणायच्या, त्या दिवशी म्हणाल्या, "गाळेधारक माझा सख्खा भाऊ आहे." कोणी हसलं नाही. त्या बाकावर जाऊन बसल्या, पण पुस्तक उघडलं नाही. मी दारातून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून हुकूम दिला. ही फाइल माझ्या खोलीत येणार नाही. माझ्या कपाटात ठेवायची नाही, माझ्या कपाटातलं काही तिच्यासाठी घ्यायचं नाही, माझ्या कॉम्प्युटरला तर हातही लावायचा नाही. मला काही विचारायचं नाही, आणि मी चुकून काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. मी मान डोलावली. एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर बाई कसल्या? दर रविवारी दुपारी त्या नवऱ्याला आणि मुलीला घेऊन दादांकडे जेवायला जात. ते त्यांनी बंद केलं. नवरा आणि मुलगी जात राहिली, बाई घरी एकट्या जेवायच्या.

तिसऱ्या रविवारनंतर वहिनी तणतणत ऑफिसात आल्या. बाईंच्या खोलीकडे न बघता माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि आत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "सांगा तुमच्या बाईंना, आमच्या घरी कोर्ट भरत नाही. जेवण असतं." वहिनी गेल्यावर बराच वेळ मी काहीतरी टाइप करत असल्याचं सोंग केलं.

आता माझ्या पराक्रमाकडे येते. गाळा खाली करण्याच्या नोटिशीचा छापील नमुना असतो, त्यात नाव-नंबर भरला की झालं. सहा वर्षांपूर्वी नियम बदलले, साठ दिवसांचे नव्वद झाले, तेव्हा नवे नमुने छापून आले आणि ते बाईंनी स्वतःच्या कपाटात ठेवले. एरवी मी तिथूनच घ्यायची. पण यावेळी बाईंच्या कपाटातलं काही घ्यायचं नाही असा हुकूम होता. मी आज्ञाधारक. पॅसेजजवळचं जुनं कपाट उघडलं, वरचा गठ्ठा सोडला, नमुना काढला, भरला, पाहुण्या वकिलांपुढे ठेवला. त्यांनी चहा घेतला, सही केली. विधी शाखेचा कागद म्हणजे बिनचूक असणार, असा त्यांचा विश्वास. तो बाईंनी कमावलेला होता, मी तो एका दुपारीत घालवला. शिपाई जाऊन नोटीस दादांना देऊन आला आणि त्यांची सही घेऊन आला.

बारा दिवसांनी दुसऱ्याच एका गाळ्याच्या कामासाठी मी बाईंच्या कपाटातून नवा नमुना काढला. 'नव्वद दिवस' हे शब्द वाचले. धावत जाऊन सात नंबरची फाइल उघडली. साठ. स्वच्छ, ठळक छापलेलं साठ. म्हणजे ती नोटीस फक्त रद्दीत घालण्याच्या लायकीची होती. बरोबर नोटीस द्यायला नऊ दिवस उरले होते. ते गेले की दादांचा गाळा दहा वर्षं जागचा हलत नव्हता.

एकवीस वर्षांत मला एकच सवय लागली होती: काही अडलं की बाईंना विचारायचं. पाय आपोआप त्यांच्या दाराशी गेले. बाईंनी माझ्या हातातली फाइल पाहिली आणि तळहात वर केला. त्या फाइलचं काही असेल तर दारातूनच मागे, असं म्हणाल्या. मी म्हटलं, फाइलचं नाही, नमुन्याचं आहे. त्यांनी चक्क दोन्ही कानांवर हात ठेवले. लहान मुलं ठेवतात तसे. मला हसूही येईना आणि रडूही.

मोठ्या साहेबांकडे, म्हणजे आमच्या मुख्याधिकाऱ्यांकडे, तडक जाऊन चूक सांगायची, एवढं सोपं काम होतं. ते मी केलं नाही. खोटं कशाला बोलू? ठपका बसेल ही भीती होतीच. पण त्याहून मोठं कारण दादा होते. मला वाटलं, राहू दे की बिचाऱ्याला. रुग्णवाहिका इतकी वर्षं उलटी येतेय, अजून थोडे दिवस येईल. मग दुसऱ्याच क्षणी विरोधी पक्षनेत्यांचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा. सख्ख्या भावाचा गाळा, आणि नेमकी त्याच्याच नोटिशीत चूक, तीही बाईंच्या शाखेकडून. बाई बाकावर बसल्या होत्या यावर कोण विश्वास ठेवणार? एकवीस वर्षांची अब्रू धुळीला मिळाली असती. सांगितलं तर दादांचा गाळा जातो, नाही सांगितलं तर बाईंचं नाव. मी पाच दिवस ताकास तूर लागू दिली नाही. जेवण गोड लागेना, नवऱ्यावर विनाकारण खेकसले.

चार दिवस उरले असताना सकाळी ऑफिसात आले, तर माझ्या टेबलाशी दादा उभे. बोटांना खळ लागलेली, काखेत आमचीच एक बांधायला दिलेली नोंदवही. त्यांनी वहीतून नोटीस काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"ताई, ही जुनी आहे," ते म्हणाले. "नव्वद पाहिजेत. नव्या नियमांचं पुस्तक मीच बांधलंय."

मला तोंड वर करवेना. म्हटलं, "दादा, मला माहीत आहे. पाच दिवस झाले."

ते रागावले नाहीत. म्हणाले, बरं झालं, म्हणजे समजवायला नको. मग कोरा कागद मागितला आणि तिथेच उभ्याने अर्ज लिहायला लागले. मी आजूबाजूला बघून हळूच म्हटलं की चार दिवस फक्त गप्प राहा, तुमचा गाळा वाचतो. पालिकेच्या खुर्चीवर बसून मी हे बोलले. बाईंच्या वहीत माझ्यासाठी वेगळं पान लागलं असतं.

दादांनी लिहिणं थांबवलं नाही. "गाळा वाचेल हो," ते म्हणाले. "ती रविवारी जेवायला यायची नाही."

अर्जावर मी आवक शिक्का मारला. तो तिरका उमटला. जाताना दादांनी बजावलं की तिला यातलं काही बोलू नका, फाइल चालू आहे. मग मी मोठ्या साहेबांकडे गेले आणि सगळं ओकून टाकलं. साहेबांनी मला उभं-आडवं झापलं, पाहुण्या वकिलांना फोनवर झापलं, आणि त्याच दुपारी बरोबर नोटीस गेली. मला लेखी ठपका मिळाला. खरं सांगते, त्या रात्री मला शांत झोप लागली.

पुढचं सगळं रीतसर झालं. सुनावणी झाली, दादांनी हरकत घेतली नाही. रस्त्यासाठी उठवलेल्या गाळेधारकाला दुसरी जागा द्यायची असते, तशी त्यांना वाचनालयाच्या तळमजल्यावर एक खोली मिळाली. ती लहान आहे, कापायचं यंत्र आत घालताना दाराची चौकट काढावी लागली. दादा दोन आठवडे कुरकुरले, मग म्हणाले, उजेड मात्र इथे चांगला आहे. गाळा पाडला, वळण मोकळं झालं. पहिली रुग्णवाहिका सरळ आत गेली तेव्हा ड्रायव्हर सवयीने खाली उतरून बघून आला.

काम संपलेली फाइल दप्तरखान्यात जाण्याआधी विधी शाखेच्या प्रमुखाची सही लागते. म्हणजे बाईंची. मी फाइल त्यांच्या दारात धरून उभी राहिले. त्यांनी विचारलं, संपली? मी म्हटलं, संपली. मग पाच महिन्यांनी ती फाइल पहिल्यांदा त्या खोलीत गेली.

नुसती सही करून द्यायची, ते बाईंच्या रक्तातच नाही. त्यांनी पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. जुन्या नोटिशीशी थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चूक माझी, ठपका पुढे लावलाय. त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. पुढचं पान दादांच्या अक्षरातलं होतं. मुख्याधिकारी यांस, मला मिळालेली नोटीस जुन्या नमुन्यावर आहे, बरोबर नोटीस मुदतीत द्यावी. खाली सही, गाळा नंबर सात, आणि माझा तिरका शिक्का.

बाईंनी शिक्क्यावरची तारीख पाहिली आणि बोटांवर दिवस मोजले. दोनदा मोजले.

"चार दिवस," त्या म्हणाल्या. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि रडायला लागल्या. बावीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी दार लोटून घेतलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. मला वाटलं, भावाच्या मोठेपणाने बाईंना भरून आलंय. तसं काहीतरी मी बोललेही.

बाईंनी नाही अशी मान हलवली. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माझं कपाट बंद केलं त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, की जुन्या कपाटात जुनेच नमुने आहेत. तुम्ही नमुन्याचं म्हणालात तेव्हा तर खात्रीच झाली. मी बोलायचं नाही हा नियमच होता, म्हणून बोलले नाही. पण गप्प बसताना मला बरं वाटत होतं. रोज एक दिवस कमी होत होता आणि मला बरं वाटत होतं. ते कुठे नोंदवायचं?"

पाच दिवस मीही तेच केलं होतं, असं मी त्यांना सांगितलं. मग बाईंनी डोळे पुसले, फाइलवर सही केली, अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला आणि मला म्हणाल्या, तुम्हीही लिहा, माझ्याबरोबर चला.

वाचनालयाच्या तळमजल्यावर दादा पुठ्ठ्याला कापड लावत होते. वहिनी त्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. बहीण दारात दिसल्यावर दादांनी नुसतं स्टूल पुढे सरकवलं. बाई बसल्या नाहीत. मला सांगितलं होतं तेच सगळं उभ्याने दादांना सांगितलं, एक शब्द न गाळता. वहिनी तोंडावर हात ठेवून ऐकत राहिल्या. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला वाटत होतं, आता या दोघांमध्ये काहीतरी कायमचं मोडतंय.

दादांनी ब्रश खळीच्या भांड्यात ठेवला.

"छोटे, तुला तुझ्या कपाटातला कागदन् कागद माहीत," ते म्हणाले. "तुला आठवलं नसेल असं मला वाटलं होय? तू रोज कशी बसत असशील तिथे, ते मला दिसत होतं. म्हणून तर गेलो."

बाई स्टुलावर बसल्या. वहिनींनी डबा उघडला, चौघांच्या पुढ्यात थोडं थोडं वाढलं, आणि बाईंना म्हणाल्या की पाच महिन्यांचं जेवण उरलंय, रोज आलात तरी पुरेल.